पहिली रानफुलं दरवर्षी परतावीत म्हणून

हिवाळा सरत येतो, झाडांवर अजून एकही पान नसतं, आणि नेमके तेव्हाच जमिनीतून कोंब वर येऊ लागतात. स्नोड्रॉप, विंटर ॲकोनाइट, हेपॅटिका, ब्लडरूट, ट्रिलियम, वुड ॲनिमोनी, ट्राउट लिली. थंड प्रदेशांतल्या पानगळीच्या रानांमधली ही फुलं बागेतही चांगली रुळतात. एक हंगाम ती फुलवणं फारसं कठीण नाही, कारण रोपवाटिकेतून आलेल्या कंदात पहिल्या फुलाची तयारी आधीच झालेली असते. कठीण आहे ते त्यांचं तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी परत येणं आणि दर वेळी थोडं अधिक पसरून येणं. ते बहुतांशी फुलं गेल्यानंतरच्या आठवड्यांत ठरतं, आणि तेव्हा त्या कोपऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून इथे फुलांपेक्षा पानांबद्दल, पाचोळ्याबद्दल आणि रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी त्यांचं वर्ष समजून घ्या

पानगळीच्या रानात जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोचतं ते फार थोडा काळ. बर्फ वितळल्यापासून वरच्या झाडांची पालवी दाट होईपर्यंत, एवढाच. या जातींनी आपला सगळा संसार त्या काही आठवड्यांत बसवला आहे. पानं, फूल, परागीभवन, बी आणि पुढच्या वर्षाचा साठा, सारं तेवढ्यात उरकायचं. उन्हाळा लागता लागता यातल्या बऱ्याच जातींची पानं पिवळी पडून नाहीशी होतात आणि उरलेलं वर्ष ही झाडं जमिनीखाली काढतात. कुणी कंदाच्या रूपात, कुणी गड्ड्याच्या, तर कुणी मूळखोडाच्या, म्हणजे जमिनीखाली आडवं वाढणाऱ्या जाड खोडाच्या. खाली सगळं थांबलेलं नसतं. शरद ऋतूत नवी मुळं फुटतात, आणि पुढच्या वसंतातली कळी बऱ्याच जातींत हिवाळा सुरू होण्याआधीच तयार असते.

याचा अर्थ, आज दिसणारं फूल गेल्या वर्षीच्या पानांनी कमावलेलं आहे. आणि या वर्षीच्या पानांशी तुम्ही कसे वागता, ते पुढच्या वर्षी दिसणार आहे. खालची जवळजवळ प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून निघते.

थंडी ही त्यांची गरज आहे. कित्येक आठवडे जमीन चांगली गार राहिल्याशिवाय यातल्या बहुतेकांची कळी नीट उठत नाही आणि बी रुजत नाही. जिथे हिवाळा नावापुरता असतो तिथे विकत आणलेले कंद एकदा फुलतील आणि हळूहळू झिजत जातील. अशा हवामानात तिथल्या मातीतल्या कंदवर्गीय रानफुलांकडे वळणं कितीतरी चांगलं. पान जपणं, जागा खुणावणं, पाचोळा राखणं हे नियम त्यांनाही लागू पडतात.

पायरी १: जागा

पानगळीच्या झाडाखालची जागा सर्वांत उत्तम. त्यातही ओक, हिकरी यांच्यासारखं उशिरा पालवणारं झाड असेल तर फुलांना उन्हाचे काही दिवस जास्त मिळतात. सदाहरित झाडाखाली वसंतातही सावली असते, त्यामुळे तिथे ही फुलं टिकत नाहीत. नॉर्वे मेपलसारख्या झाडाखालीही अवघड जातं, कारण त्याची मुळं अगदी वरवर पसरतात आणि सावली फार दाट असते. झाडच नसेल तर भिंतीच्या किंवा झुडपांच्या आडोशाला, जिथे वसंतात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळते असा पट्टा शोधा. तोही चालतो.

भिंतीलगतच्या उबदार, दक्षिणमुखी जागेत फुलं लवकर येतात. (ही दिशा उत्तर गोलार्धातली, दक्षिण गोलार्धात उलट धरा.) ते सुखद वाटतं, पण लवकर उमललेलं फूल गोठवणाऱ्या रात्रींत सापडण्याची शक्यताही वाढते. ट्रिलियम आणि ब्लडरूटसाठी मी थंड, जरा उशिरा जागी होणारी बाजूच निवडेन. स्नोड्रॉप मात्र कुठल्याही बाजूला सोसतो.

निचरा तपासायला साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पाणी मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं तर जागा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही डबकं तसंच असेल तर कंद कुजतील, दुसरी जागा पाहा. चिकणमाती असेल तर पाचोळ्याचं कुजलेलं खत, म्हणजे वर्ष-दोन वर्षं ढिगात ठेवून काळीभोर, भुसभुशीत झालेली पानं, वरच्या १५ ते २० सेंटीमीटर थरात मिसळा. रानातली माती अशीच बनलेली असते. दाणेदार रासायनिक खताची इथे गरज नाही. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फूल मागे पडतं.

पायरी २: कोणती फुलं, आणि कुठून आणायची

सुरुवात करणाऱ्याने स्नोड्रॉप, विंटर ॲकोनाइट, टॉमासिनियानस जातीचा क्रोकस आणि व्हायोलेट घ्यावेत. हे लवकर रुळतात आणि आपापले पसरतात. त्यापुढचा टप्पा ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल, वुड ॲनिमोनी, स्प्रिंग ब्यूटी. वुड ॲनिमोनीबद्दल आधीच सांगून ठेवतो, ती एकदा बसली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण पसरते फार सावकाश. ब्रिटनमधल्या जुन्या रानांत तिचा वेग शंभर वर्षांत सुमारे २ मीटर इतकाच मानला जातो. म्हणून तिथे तिचा मोठा गालिचा दिसला की ते रान फार जुनं असल्याची खूण समजतात. बागेत गालिचा हवा असेल तर एका जागी भरपूर लावा, पसरण्याची वाट पाहू नका.

ट्रिलियम आणि ट्राउट लिली धीराच्या माणसासाठी. मोठ्या पांढऱ्या फुलाच्या ट्रिलियमला बियापासून पहिलं फूल यायला ७ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. ट्राउट लिलीचा ताटवा बहुतेक एकपानी, बिनफुलाच्या रोपांचाच असतो. दोन पानं आली तरच फूल येतं. एवढा काळ जमिनीत गेल्यावर मिळणाऱ्या त्या फुलाचा मान मोठा आहे. रानातून खणून आणलेलं रोप मला सहन होत नाही ते याच कारणाने.

खरेदी करताना एक प्रश्न विचाराच. हे रोप रोपवाटिकेत बियापासून किंवा विभागणी करून तयार केलेलं आहे, की नुसतं रोपवाटिकेत वाढवलेलं? दोन्हींत मोठा फरक आहे, कारण रानातून उपटून एक हंगाम कुंडीत ठेवलेलं रोपही ‘रोपवाटिकेत वाढवलेलं’ म्हणून विकता येतं. मोठं, फुलावर आलेलं ट्रिलियम फार स्वस्त मिळत असेल तर संशय घ्या. कायद्याची बाजूही आहे. स्नोड्रॉप आणि सायक्लामेन यांच्या सगळ्या रानटी जाती वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटता येत नाही.

एका प्रदेशातलं साधं रानफूल दुसऱ्या प्रदेशात तण होऊन बसतं, हेही लक्षात ठेवा. पिवळ्या चकचकीत फुलांचा लेसर सेलंडाइन युरोपात आपल्या घरी आहे. उत्तर अमेरिकेत तो नदीकाठची रानं व्यापून तिथल्या वसंतफुलांची जागा घेतो. युरोपातल्या ब्लूबेलजवळ स्पॅनिश ब्लूबेल लावली की दोघींचा संकर होतो आणि मूळ जात विरळ होत जाते. शक्यतो आपल्या प्रदेशातली जात लावा. तिथल्या मधमाश्यांनाही तीच उपयोगी पडते.

पायरी ३: लावणी

कोरडे कंद शरद ऋतूत, जमीन अजून कोमट असताना लावा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतात. हातात आल्यावर ठेवून देऊ नका. या फुलांचे कंद लहान असतात आणि हवेत सुकतात. विंटर ॲकोनाइटचे गड्डे तर वाळून खड्यासारखे होतात. लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, तरीही सगळे उठतील असं धरून चालू नका. स्नोड्रॉप कोरड्या कंदापेक्षा फुलं संपताच, पानं हिरवी असताना उपटून लगेच लावलेला जास्त चांगला लागतो. अशी हिरवी रोपं मिळत असतील तर तीच घ्या.

खोलीचा ढोबळ नियम म्हणजे कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट. स्नोड्रॉप ८ ते १० सेंटीमीटर, विंटर ॲकोनाइट ५, ट्राउट लिली १० ते १२, ट्रिलियमचं मूळखोड ५ ते १०. ब्लडरूट आणि वुड ॲनिमोनीची मूळखोडं आडवी ठेवून वर ३ ते ५ सेंटीमीटर माती पुरे. मूळखोडाची वरची बाजू कोणती ते कळत नसेल तर आडवंच ठेवा, कोंब आपली वाट काढतो. एकेक कंद सुटा लावण्यापेक्षा एका आळ्यात सात-आठ एकत्र लावा आणि आळी वेडीवाकडी टाका. लावून झाल्यावर पाणी द्या आणि वर कुजलेल्या पानांचा सुमारे ५ सेंटीमीटर थर पसरा.

लावताना हातमोजे घाला. ब्लडरूटचं मूळखोड तुटलं की केशरी-लाल रस निघतो आणि तो कातडीला दाहक असतो. स्नोड्रॉप आणि विंटर ॲकोनाइट पोटात गेले तर विषारी आहेत. लहान मुलं किंवा पाळीव जनावरं घरात असतील तर उरलेले कंद उघड्यावर टाकू नका.

खारी आणि उंदीर क्रोकसचे गड्डे उकरतात. बारीक जाळी मातीखाली अंथरून त्यावर सैल माती टाकली की कोंब जाळीतून वर येतात आणि गड्डे शाबूत राहतात.

पायरी ४: हिवाळा सरताना

बर्फ वितळू लागलं की दररोज एक फेरी मारा, पण वाफ्यात पाऊल टाकू नका. यात मी सवलत देत नाही. ओली माती पायाखाली दबली की हवेची पोकळी जाते, आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली बोटभर अंतरावर असलेला कोंब मोडला तर त्या वर्षी दुसरा येत नाही. ट्रिलियमला तर खोडावर तीनच पानं असतात. कोंब गेला की वर्षाची सगळी कमाई गेली. आत जाणं अगदी भागच असेल तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

काय शोधायचं? स्नोड्रॉपच्या पानांची टोकं टणक असतात, गोठलेली माती भेदण्यापुरती, म्हणून ती सरळ भाल्यासारखी वर येतात. विंटर ॲकोनाइट मान मोडल्यासारखा वाकून बाहेर पडतो आणि मग ताठ होतो. ब्लडरूटची कळी स्वतःच्या एका पानात गुंडाळलेली असते, फूल उमलल्यावर पान हळूहळू उलगडतं. हेपॅटिकाची जुनी, करपट पानं हिवाळाभर टिकलेली असतात आणि त्यांच्या मधोमध लव असलेल्या कळ्या दिसतात. ती जुनी पानं घाईने कापू नका, कळ्यांच्या लवेला कात्री लागते. व्हर्जिनिया ब्लूबेलचे कोंब काळपट जांभळे असतात आणि नवखा माणूस ते कुजलेले समजून उपटतो.

पाचोळा कधी बाजूला करायचा यावर माळ्यांमध्ये मतभेद आहेत. माझं म्हणणं असं, की सुटा, हलका पाचोळा असेल तर हात लावू नका, कोंब त्यातून येतात. मोठी पानं ओली होऊन चामड्यासारखा जाड थर बसला असेल तेवढाच हाताने उचला, दाताळ्याने ओढू नका. उचललेली पानं जवळच्या झुडपाखाली टाका, कचऱ्यात नको. वाळलेल्या पोकळ देठांत आणि पाचोळ्यात रानमधमाश्या आणि इतर कीटक हिवाळा काढत असतात. दिवसाचं तापमान सलग काही दिवस १० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय बागेची मोठी साफसफाई करू नये, हा सल्ला त्यांच्यासाठीच आहे.

मग एखाद्या रात्री कडाका पडतो आणि सकाळी सगळी फुलं जमिनीला टेकलेली दिसतात. घाबरू नका, काही करू नका. स्नोड्रॉप गोठताना असाच लोळतो आणि ऊन वर आलं की पुन्हा उभा राहतो. गरम पाणी ओतणं किंवा गोठलेलं रोप हाताळणं यानेच नुकसान होतं. बर्फ पडलंच तर ते झटकू नका, त्याच्याखाली रोप उघड्या हवेपेक्षा सुरक्षित असतं.

पायरी ५: फुलं असताना

या दिवसांत काम कमी आणि पाहणं जास्त. ब्लडरूटचं फूल जेमतेम दोन-चार दिवस टिकतं, जोराचा पाऊस आला तर तेवढंही नाही. वुड ॲनिमोनी ढगाळ दिवशी मिटलेलीच राहते, म्हणून दुपारच्या उन्हात जा.

फुलांवर कोण येतं ते बघा. स्प्रिंग ब्यूटीवर अँड्रेना नावाच्या गटातली एक छोटी मधमाशी येते. ती आपल्या पिल्लांसाठी जवळजवळ याच फुलाचे पराग गोळा करते आणि तिच्या पायांवर फिकट गुलाबी पराग दिसतात. डचमन्स ब्रीचेसच्या विजारीसारख्या फुलातला मध खोल असतो, तिथपर्यंत लांब जिभेच्या भुंग्यांच्या राण्याच पोचतात. त्या तेव्हा नुकत्या जमिनीतून बाहेर आलेल्या आणि भुकेलेल्या असतात. म्हणून वसंताच्या सुरुवातीला बागेत कसलंही कीटकनाशक फवारू नका. शेजारच्या झाडावर मारलेलंही वाऱ्याने इथवर येतं.

फुलं तोडायची असतील तर स्नोड्रॉप, व्हायोलेट यांची नुसती देठं तोडा. ट्रिलियमला हात लावू नका. फुलाचा देठ तोडताना खालची तीनही पानं जातात, आणि त्या झाडाला सावरायला कित्येक वर्षं लागतात, कधी ते सावरतही नाही.

पायरी ६: पानांचे सहा आठवडे

बागेतल्या रानफुलांचा खरा हंगाम हा. फुलं गळाली, पानं लोळायला लागली, कोपरा विस्कटलेला दिसू लागला आणि पाहुणे येणार म्हणून कुणीतरी तो साफ केला. पुढच्या वर्षी फुलं अर्धी, त्याच्या पुढच्या वर्षी नुसती पानं, आणि मग काहीच नाही. ‘आमच्याकडे ती टिकत नाहीत’ असं म्हटलं जातं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

फुलं संपल्यावर पान साधारण सहा आठवडे काम करत असतं. त्या काळात बनलेली साखर आणि पिष्ट कंदात उतरतं आणि त्यातूनच पुढची कळी घडते. पान कापू नका, गाठ मारू नका, वेणी घालून रबर लावू नका. गाठ मारली की पानाचा उन्हाला सामोरा येणारा भाग कमी होतो आणि कमाईही तेवढी घटते. ओढल्यावर पान विरोध न करता हातात येतं, तेव्हा त्याचं काम संपलं असं समजा.

क्रोकस किंवा स्नोड्रॉप हिरवळीत लावले असतील तर गवत कापण्याचं यंत्र तोवर त्या भागात न्यायचं नाही. आखीव हिरवळीच्या मधे उंच गवताचा पट्टा लोकांना खुपतो, म्हणून हे कंद पहिल्यापासून हिरवळीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याभोवती लावावेत. तिथे गवत उशिरा कापलं तरी वाईट दिसत नाही.

वसंत कोरडा गेला तर याच आठवड्यांत पाणी द्यावं लागतं. माती सुकली की पानं लवकर पिवळी पडतात आणि साठा अर्धवट राहतो. पुढे उन्हाळ्यात कंद झोपल्यावर रोज पाणी घालण्याची गरज नसते, तेव्हा जास्त पाणी उलट कुजवतं. ट्रिलियम आणि ब्लडरूट यांची पानं मात्र उन्हाळ्यातही बराच काळ टिकू शकतात. ती हिरवी आहेत तोवर जमिनीत ओल राहू द्या.

विस्कटलेपण झाकण्याचा चांगला उपाय शेजाऱ्यांची निवड हा आहे. नेचे, होस्टा, सॉलोमन्स सील, सावलीतली गवतं यांची पानं नेमकी तेव्हाच उलगडू लागतात जेव्हा वसंतफुलांची पानं माना टाकतात. दोघांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर असतात, त्यामुळे भांडण होत नाही. फक्त दाट गालिचा करणारी आक्रमक वेल जवळ लावू नका. तिच्या सदाहरित पानांखाली पुढच्या वसंतात कोंबांना उजेड मिळत नाही.

आणि जागा खुणावून ठेवा. जूननंतर तिथे काहीच नसतं, आणि ‘रिकामी जागा’ म्हणून कुणीतरी कुदळ घालतं. पट्ट्या पावसात पुसतात, काड्या पक्षी उचलतात. फुलं असतानाच एका ठरावीक जागेवरून फोटो काढावा, त्यात झाडाचा बुंधा किंवा दगड यावा, आणि शरदात लावणी करण्याआधी तो फोटो उघडावा. आळ्याभोवती मुठीएवढे दगड पुरून ठेवणं हाही जुना, खात्रीचा उपाय.

पायरी ७: बी आणि मुंग्या

ब्लडरूट, ट्रिलियम, व्हायोलेट, हेपॅटिका, स्नोड्रॉप यांच्या बियांना एक पांढरट, तेलकट गर चिकटलेला असतो. मुंग्या तो गर खाण्यासाठी बी वारुळात नेतात, गर संपला की बी आपल्या कचऱ्याच्या ढिगात टाकतात. तिथली माती भुसभुशीत आणि सकस असते, उंदरांपासून बी लपलेलं असतं, आणि नवं रोप आईपासून दूर उगवतं. बागेत ब्लडरूटचं रोप अचानक फरशीच्या फटीत किंवा पायवाटेच्या पलीकडे दिसलं तर ते मुंग्यांचं काम. मुंग्या मारण्याची पावडर या भागात टाकली तर फुलांचं पसरणं थांबतं.

बी स्वतः पेरायचं असेल तर शेंग पिवळी पडून उकलू लागताच गोळा करा आणि त्याच दिवशी पेरा. वाळलेलं बी एकतर मरतं किंवा कित्येक वर्षं रुजायचं नाकारतं. ताजं बी ओल्या, भुसभुशीत मातीत एक सेंटीमीटर खोल पेरून वर पातळ पाचोळा टाका आणि विसरून जा. ब्लडरूट एक-दोन हिवाळ्यांनंतर उगवतं. ट्रिलियमचं बी पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ सोडतं, पान दुसऱ्या हिवाळ्यानंतर दिसतं. म्हणजे पहिल्या वसंतात कुंडी रिकामी दिसते तेव्हा ती रिकामी नसते. पाकिटबंद कोरडं ट्रिलियमचं बी विकत घेण्यात पैसे घालवू नका.

बी नको असेल आणि दाट पुंजका झाला असेल तर विभागणी करा. स्नोड्रॉपचा पुंजका दर तीन-चार वर्षांनी, फुलं संपल्यावर पानं हिरवी असताना उपटून, तीन-चार कंदांचे भाग करून, पूर्वीच्याच खोलीवर लगेच लावा. ब्लडरूट पानं पिवळी पडू लागल्यावर. ट्रिलियम शक्यतो हलवूच नये.

पायरी ८: शरद

गळालेली पानं इथेच राहू द्या. खूप मोठी असतील तर बारीक करून पसरा. विकतच्या सालींचा जाड थर मात्र घालू नका, लहान कोंब त्यातून येत नाहीत. तण उगवू न देणाऱ्या पावडरी बियांतून येणारी रानफुलांची रोपंही उगवू देत नाहीत.

उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात बाग असेल तर गांडुळांकडे लक्ष द्या. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी तिथली गांडुळं नाहीशी केली होती, आणि आज दिसणारी बहुतेक माणसाबरोबर बाहेरून आलेली आहेत. ती पाचोळ्याचा थर काही हंगामांत खाऊन टाकतात आणि त्या थरावर जगणारी ट्रिलियमसारखी झाडं उघडी पडतात. आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं तर त्याहून झपाट्याने हे करतात. तिथे कुणाकडून रोप घेतलं तर मुळांवरची माती धुऊन मगच लावा, आणि गळासाठी आणलेली गांडुळं बागेत सोडू नका.

परत आली नाहीत तर

पानं येतात पण फुलं नाहीत. पुंजका फार दाट झाला आहे, किंवा गेल्या वर्षी पानं लवकर कापली, किंवा वरची सावली वाढली. तिसऱ्या कारणासाठी वर बघा; दहा वर्षांपूर्वीचं लहान झाड आता मोठं झालेलं असतं. खालच्या दोन-चार फांद्या काढल्या तरी फरक पडतो.

काहीच उगवलं नाही. एका बाजूने हलकेच उकरून बघा. कंद मऊ आणि दुर्गंधी असेल तर निचरा वाईट आहे. कंदच नसेल तर उंदीर. स्नोड्रॉपच्या कोंबांवर करडी बुरशी दिसली तर तो पुंजका मातीसकट काढून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि तिथे काही वर्षं स्नोड्रॉप लावू नका. कोंब येतात आणि रातोरात कापल्यासारखे होतात, तर गोगलगायी. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा. ट्रिलियमची वरची पानं एकसारखी खुडलेली असतील तर हरणं, आणि त्यांच्यावर कुंपणाशिवाय टिकाऊ उपाय नाही. स्नोड्रॉपला ती सहसा तोंड लावत नाहीत.

फुलं वेळेआधी आली, तर ते लिहून ठेवा. पहिलं फूल, वरच्या झाडाची पहिली पालवी आणि पहिला भुंगा, अशा तीन तारखा दर वर्षी एका वहीत नोंदवायच्या. हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या रानांत फुलांच्या अशाच तारखा टिपल्या होत्या. त्या नोंदी हाताशी असल्यामुळे पुढच्या अभ्यासकांना दिसलं, की तिथे फुलं आता लवकर येतात, पण वसंत उबदार होतो तशी झाडांची पालवी फुलांपेक्षाही जास्त पुढे सरकते. म्हणजे फुलांना मिळणारे उन्हाचे दिवस कमी होत आहेत. जपानमध्ये कोरिडॅलिसबाबत वेगळी अडचण दिसली. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी फुलं भुंग्यांच्या आधी आली आणि बी कमी धरलं. तुमच्या वहीत पालवी आणि फूल यांच्यातलं अंतर वर्षागणिक घटत असेल तर वरच्या फांद्या विरळ करणं आणि उशिरा पालवणाऱ्या झाडाखाली नवा पुंजका लावणं, हे दोन उपाय हातात आहेत.

आणि नव्याने लावलेलं ट्रिलियम किंवा ट्राउट लिली पहिल्या वसंतात दिसलं नाही, तर एक वर्ष थांबा. हलवल्यावर ती कधी कधी एक पूर्ण हंगाम जमिनीखालीच काढतात. खूण तशीच राहू द्या, पाचोळा घाला, आणि त्या जागी दुसरं काही लावू नका.